प्लगइन बसवण्यापूर्वी : संकेतस्थळाची किल्ली कोणाच्या हाती?

संकेतस्थळावर नवे प्लगइन बसवण्यास एक मिनिट पुरते. सूचीतून नाव निवडावे, दोन बटणे दाबावीत, की काल नसलेली सोय आज हजर होते. अर्ज भरून घेता येतो, छायाचित्रांचे दालन मांडता येते, देणगी स्वीकारता येते, कार्यक्रमांची दिनदर्शिका दाखवता येते. गावचे वाचनालय, देवस्थान, शाळा, नाट्यमंडळ, पतसंस्था अशा लहान संस्थांची संकेतस्थळे बहुधा अशाच तयार भागांच्या जुळणीतून उभी राहतात. मात्र त्या एका मिनिटात संस्था आपल्या घराची किल्ली कोणाच्या तरी हाती देत असते. ती कोणाला दिली, हे पाहण्याची आठवण बहुतेकदा काही बिघडल्यावरच होते. ते आधी कसे पाहावे, याची माहिती येथे वर्डप्रेस या सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या प्रणालीच्या आधारे दिली आहे. जुमला आणि द्रुपल या प्रणालींच्या जोडभागांनाही यातील बहुतेक निकष लागू पडतात.

प्लगइनला कोणते अधिकार मिळतात?

मॅट मुलेनवेग आणि माइक लिटल यांनी वर्डप्रेसची पहिली आवृत्ती २७ मे २००३ रोजी प्रसिद्ध केली. पुढच्याच वर्षी, मे २००४मध्ये आलेल्या १.२ या आवृत्तीत प्लगइनची व्यवस्था आली. मूळ प्रणाली आटोपशीर ठेवावी आणि ज्याला जे हवे ते त्याने जोडून घ्यावे, हा त्यामागील विचार. आज जगातील ४० टक्क्यांहून अधिक संकेतस्थळे वर्डप्रेसवर चालतात आणि तिच्या अधिकृत सूचीत ५० हजारांहून अधिक मोफत प्लगइन्स आहेत.

मोबाइलमध्ये एखादे ॲप घेतले, तर ते कॅमेरा वापरण्यापूर्वी किंवा संपर्कयादी वाचण्यापूर्वी परवानगी मागते. नको म्हणण्याची मुभा असते. वर्डप्रेसच्या प्लगइनला अशी वेगळी परवानगी मागावी लागत नाही. एकदा ते सुरू केले, की मूळ प्रणाली जे करू शकते ते सर्व प्लगइनही करू शकते. डेटाबेसचा पासवर्ड असलेली फाइल त्याला वाचता येते, नवा प्रशासक तयार करता येतो, संस्थेच्या नावाने ईमेल पाठवता येतात, सर्व्हरवर नव्या फाइल्स लिहिता येतात. प्लगइन लहान आहे की मोठे, यावर हे अधिकार अवलंबून नसतात.

समजा, एखाद्या देवस्थानाच्या संकेतस्थळावर भक्तनिवासातील खोल्यांच्या आरक्षणाचा अर्ज आहे. त्यात भाविकांची नावे, पत्ते, दूरध्वनी क्रमांक आणि ओळखपत्रांच्या प्रती साठतात. जत्रेच्या दिवसांत मुखपृष्ठावर दिव्यांची माळ लुकलुकावी म्हणून कोणी सजावटीचे प्लगइन बसवले. त्याचा आरक्षणाशी काडीचाही संबंध नाही. तरीही ती सारी माहिती वाचण्याची क्षमता त्याच्याकडे आपोआप आली. प्लगइन काय काम करते यावरून धोका ठरत नाही. ते लिहिणारा कोण, त्याची देखभाल करणारा कोण आणि उद्या ते कोणाच्या ताब्यात असेल, यावरून तो ठरतो.

एका विसरलेल्या फाइलचा धडा

'फाइल मॅनेजर' हे प्लगइन २०२०मध्ये सात लाखांहून अधिक संकेतस्थळांवर होते. सर्व्हरवरील फाइल्स वर्डप्रेसच्या आतूनच हाताळता याव्यात, एवढीच त्याची सोय. त्यासाठी त्याने 'एलफाइंडर' ही मुक्त संगणकप्रणाली वापरली होती. तिच्यासोबत नमुन्यादाखल एक फाइल येत असे आणि ती चुकून चालू नये म्हणून तिच्या नावाला वेगळे शेपूट जोडलेले असे. प्लगइनमध्ये ती फाइल राहिलीच. शिवाय तिचे नाव बदलल्यामुळे ती थेट चालू लागली. तिच्यावर कोणताही पहारा नव्हता. तिचा पत्ता ठाऊक असलेला कोणीही, पासवर्ड नसतानाही, संकेतस्थळावर आपली फाइल चढवू शकत होता आणि ती चालवूही शकत होता. १ सप्टेंबर २०२० रोजी ६.९ ही दुरुस्त आवृत्ती आली, तेव्हा हल्ले सुरू झालेले होते.

या प्रकरणात कोणाचा हेतू वाईट नव्हता. प्लगइन लोकप्रिय होते, अधिकृत सूचीत होते आणि त्याची देखभालही होत होती. तेव्हा 'पुष्कळ लोक वापरतात' हे आश्वासन पुरेसे नाही. दुसरी गोष्ट अशी, की ज्या प्लगइनचे कामच फाइल्स चढवणे, बदलणे किंवा पैसे स्वीकारणे हे आहे, त्यातील लहानशी चूकही मोठी ठरते. अशा प्लगइनची परीक्षा इतरांपेक्षा कडक असावी.

धोका तीन वाटांनी येतो

पहिली वाट प्रामाणिक चुकीची. वर सांगितलेले उदाहरण त्यातले. सुरक्षेसाठी बनवलेली प्लगइन्सही तिला अपवाद नाहीत. 'रिअली सिम्पल सिक्युरिटी' हे प्लगइन ४० लाखांहून अधिक संकेतस्थळांवर होते. नोव्हेंबर २०२४मध्ये त्यात उघड झालेली त्रुटी अशी होती, की दुहेरी पडताळणीची सोय सुरू असल्यास हल्लेखोराला पासवर्डाविना कोणत्याही सदस्याच्या, अगदी प्रशासकाच्याही नावाने आत शिरता येत असे. अधिक सुरक्षेसाठी उघडलेली सोयच येथे दार ठरली. त्रुटीचे गांभीर्य १०पैकी ९.८ नोंदवले गेले. ९.१.२ या आवृत्तीत ती दुरुस्त झाली.

दुसरी वाट मालकी बदलण्याची. 'डिस्प्ले विजेट्स' हे सुमारे दोन लाख संकेतस्थळांवरील साधे, उपयुक्त प्लगइन मूळ लेखकाने २०१७मध्ये विकले. नव्या मालकाने अद्ययावत आवृत्तीच्या नावाखाली त्यात चोरवाट ठेवली आणि तिच्यातून लोकांच्या संकेतस्थळांवर जाहिरातींचा मजकूर घुसवला. तो मजकूर केवळ बाहेरच्या वाचकांना दिसे. लॉग इन केलेल्या प्रशासकाला आपले पान स्वच्छच दिसे. सप्टेंबर २०१७पर्यंत अधिकृत सूचीतून ते चार वेळा काढावे लागले. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये 'कॅप्चा' या तीन लाख संकेतस्थळांवरील प्लगइनचीही अशीच कथा उघडकीस आली. तेही विकले गेले होते आणि नव्या आवृत्तीबरोबर चोरवाट आली होती.

तिसरी वाट लेखकाच्याच घरफोडीची. जून २०२४मध्ये काही प्लगइन्सच्या लेखकांची खाती, इतरत्र फुटलेले पासवर्ड वापरून, हल्लेखोरांनी ताब्यात घेतली. 'सोशल वॉरफेअर' या प्लगइनसह इतर काहींच्या नव्या आवृत्त्यांत त्यांनी असा कोड घातला, की संकेतस्थळावर गुपचूप नवा प्रशासक तयार होई आणि त्याचा तपशील हल्लेखोरांच्या सर्व्हरकडे जाई. त्यानंतर १ ऑक्टोबर २०२४पासून वर्डप्रेसच्या अधिकृत सूचीतील प्लगइन-लेखकांना दुहेरी पडताळणी बंधनकारक झाली.

या तीन वाटांवरून एक गोष्ट ध्यानात येते. प्लगइन बसवण्याच्या दिवशी निर्दोष असणे हा निम्माच भाग. उरलेला निम्मा भाग पुढील काळाचा असतो आणि त्याचा अंदाज आधीच्या वागणुकीवरून बांधावा लागतो.

पहिला प्रश्न : ते हवेच आहे का?

सर्वांत सुरक्षित प्लगइन म्हणजे न बसवलेले प्लगइन. हे वाक्य गमतीचे वाटले, तरी तपासणी येथूनच सुरू व्हावी. जे काम हवे आहे ते मूळ वर्डप्रेसमध्येच होते का? छायाचित्रांची साधी मांडणी, तक्ते, व्हिडिओ दाखवणे, पानांच्या अनेक रचना यांसाठी आता वेगळ्या प्लगइनची गरज पडत नाही. आधीपासून असलेल्या एखाद्या प्लगइनमध्ये ती सोय आहे का? संपर्काच्या अर्जाऐवजी कार्यालयाचा दूरध्वनी क्रमांक आणि ईमेल देऊन भागते का?

एकाच लहानशा कामासाठी बहुउद्देशीय प्लगइन घेण्याचा मोहही टाळावा. दहा सोयींपैकी एकच वापरली, तरी उरलेल्या नऊ सोयींचा कोडही सर्व्हरवर राहतो आणि त्यातील चुकांचा भार संस्थेलाच वाहावा लागतो.

कोठून घ्यावे, कोठून घेऊ नये

मोफत प्लगइन अधिकृत सूचीतूनच घ्यावे. तेथे नव्या प्लगइनची नोंदणी होण्यापूर्वी तपासणी होते. कोड माणसाला वाचता येईल असा असावा, वापरकर्त्यांच्या संमतीविना त्यांचा माग काढू नये, असे नियमही आहेत. ही तपासणी मुख्यतः पहिल्या प्रवेशाची असते. पुढची प्रत्येक आवृत्ती माणसाच्या नजरेखालून जातेच असे नाही. 'कॅप्चा' प्रकरण याच फटीतून घडले. तरीही काही विपरीत आढळल्यास ते प्लगइन बंद करणारी यंत्रणा तेथे आहे, हे महत्त्वाचे.

पैसे देऊन घ्यायचे प्लगइन मूळ निर्मात्याकडून किंवा त्याने नेमलेल्या बाजारपेठेतून घ्यावे. त्याच प्लगइनच्या 'नल्ड' म्हणजे परवाना-तपासणी काढून टाकलेल्या फुकट प्रती ठिकठिकाणी मिळतात. त्यांना हात लावू नये. 'डब्ल्यूपी-व्हीसीडी' नावाचा घातक कोड प्रामुख्याने अशाच प्रतींमधून पसरला. तो एका प्लगइनमधून शिरून त्याच सर्व्हरवरील इतर संकेतस्थळांपर्यंत जाई. अशी प्रत स्वच्छ निघाली तरी तिला निर्मात्याकडून दुरुस्त आवृत्त्या मिळत नाहीत. म्हणजे पुढील पहिल्याच त्रुटीला ती उघडी पडते.

थीमबरोबर आलेल्या प्लगइन्सकडे विशेष लक्ष द्यावे. 'स्लायडर रेव्होल्यूशन' हे सरकत्या चित्रांचे प्लगइन अनेक विकत मिळणाऱ्या थीम्समध्ये अंतर्भूत असे. त्यातील गंभीर त्रुटी निर्मात्याने दुरुस्त केली होती. पण ती दुरुस्ती थीमसोबत आलेल्या प्रतींपर्यंत आपोआप पोहोचत नव्हती आणि आपल्या संकेतस्थळावर हे प्लगइन आहे, हेच अनेक मालकांना माहीत नव्हते. डिसेंबर २०१४मध्ये 'सोकसोक' या हल्ल्याने याचा फायदा घेतला. त्या वेळी गुगलने ११ हजारांहून अधिक संकेतस्थळे धोकादायक ठरवून त्यांच्यापुढे इशारा लावला. थीम घेताना तिच्यात काय काय बांधून आले आहे, याची यादी मागून घेणे म्हणूनच आवश्यक.

माहितीपान कसे वाचावे

अधिकृत सूचीत प्रत्येक प्लगइनचे स्वतंत्र पान असते. त्यावरील आकडे सारखेच बोलके नसतात.

'शेवटची अद्ययावत आवृत्ती' ही तारीख प्रथम पाहावी. वर्षानुवर्षे हात न लागलेले प्लगइन शक्यतो घेऊ नये. मात्र नुसती ताजी तारीखही पुरेशी नाही. बदलांच्या नोंदीत प्रत्येक आवृत्तीत काय केले ते दिलेले असते. 'किरकोळ सुधारणा' असे मोघम लिहिणाऱ्यापेक्षा, अमुक ठिकाणी सुरक्षेची त्रुटी होती व ती काढली, असे स्पष्ट सांगणारा लेखक अधिक भरवशाचा.

'अमुक आवृत्तीपर्यंत तपासलेले' ही नोंद लेखकाने स्वतः केलेली घोषणा असते. ती तटस्थ चाचणीचा दाखला नव्हे. प्लगइन वर्डप्रेसच्या शेवटच्या तीन प्रमुख आवृत्त्यांबरोबर तपासलेले नसल्यास पानावर तसा इशारा येतो. तो दिसल्यास पुढे जाऊ नये.

'सक्रिय स्थापना' ही संख्या ढोबळ असते. ती लोकप्रियता सांगते, सुरक्षा सांगत नाही. मोठी संख्या दोन्ही बाजूंनी वागते. अनेकांच्या नजरेखालून गेल्यामुळे चुका लवकर सापडतात. पण एकच त्रुटी लाखो दारे उघडत असल्यामुळे हल्लेखोरांचे लक्षही तेथेच असते. ऑगस्ट २०२४मध्ये ५० लाखांहून अधिक संकेतस्थळांवरील 'लाइटस्पीड कॅश' या प्लगइनमध्ये बाहेरच्या माणसाला प्रशासक बनू देणारी त्रुटी सापडली, तेव्हा हेच दिसले.

तारांकित गुणांपेक्षा तक्रारींचा विभाग अधिक शिकवतो. गेल्या दोन महिन्यांत किती प्रश्न आले आणि किती सुटले, हे पानावरच दिसते. वाईट अभिप्राय आवर्जून वाचावेत. 'नव्या आवृत्तीनंतर अनोळखी जाहिराती दिसू लागल्या', 'नवा प्रशासक आपोआप तयार झाला' अशा तक्रारी एकाहून अधिक ठिकाणी आढळल्यास ते प्लगइन बाजूला ठेवावे. 'डिस्प्ले विजेट्स'बाबतही प्रथम वापरकर्त्यांनीच आवाज उठवला होता.

लेखकाच्या नावावर टिचकी मारून त्याची इतर कामे पाहावीत. तो किती वर्षे या क्षेत्रात आहे? एकटा आहे की चमू आहे? प्लगइनचा खर्च कोठून भागतो? विकत मिळणारी मोठी आवृत्ती, सेवाशुल्क किंवा देणग्या यांपैकी काही आधार असल्यास देखभाल टिकण्याची शक्यता वाढते. कसलेच उत्पन्न नसलेला एकटा लेखक कितीही प्रामाणिक असला, तरी एक दिवस थकून ते काम सोडू शकतो किंवा विकू शकतो. अलीकडेच लेखकाचे नाव बदललेले दिसले, तर काही महिने थांबून काय घडते ते पाहणे शहाणपणाचे.

पूर्वेतिहास : त्रुटी सापडणे वाईट नव्हे

संगणकप्रणालींतील जाहीर झालेल्या त्रुटींना 'सीव्हीई' क्रमांक देण्याची पद्धत १९९९पासून आहे. वर्डप्रेससाठी 'डब्ल्यूपीस्कॅन', 'पॅचस्टॅक' आणि 'वर्डफेन्स' यांच्या त्रुटीसूची खुल्या आहेत. त्यांत प्लगइनचे नाव शोधले, की कोणत्या आवृत्तीत कोणती त्रुटी होती व ती केव्हा दुरुस्त झाली, याची माहिती मिळते.

ही यादी वाचताना एक चूक सहज होते. ज्याच्या नावावर पाच त्रुटी ते वाईट आणि ज्याच्या नावावर एकही नाही ते चांगले, असे वाटते. प्रत्यक्षात, कोणी तपासलेच नाही म्हणूनही नोंद कोरी असू शकते. पाहायचे ते वेगळेच. त्रुटी कळल्यानंतर दुरुस्ती किती दिवसांत आली? एकाच प्रकारची चूक पुन्हापुन्हा झाली आहे का? त्रुटीचा फायदा घेण्यासाठी हल्लेखोराला आधी सदस्य असावे लागते, की वाटेवरचा कोणीही आत येऊ शकतो? शेवटच्या प्रकारची त्रुटी सर्वांत घातक. अद्याप दुरुस्त न झालेली नोंद आढळली, तर निर्णय तेथेच संपतो.

द्रुपलच्या वापरकर्त्यांना येथे एक सोय अधिक आहे. एखादे मॉड्यूल त्या प्रणालीच्या सुरक्षा-सूचना धोरणाखाली येते की नाही, हे त्याच्या पानावरच नमूद असते.

कोडवर एक नजर

संस्थेत कोड वाचणारा कोणी असेल, तर अर्ध्या तासात बरेच कळते. वर्डप्रेसची प्लगइन्स पीएचपी या भाषेत असतात आणि फाइल्स उघडून वाचता येतात. चार गोष्टी पाहाव्यात. माहिती बदलणाऱ्या प्रत्येक क्रियेपूर्वी 'हे करण्याचा अधिकार या व्यक्तीला आहे का' ही तपासणी आहे का? विनंती खरोखर त्याच संकेतस्थळावरील अर्जातून आली आहे, हे पडताळणारा तात्पुरता सांकेतिक क्रमांक, ज्याला वर्डप्रेसमध्ये 'नॉन्स' म्हणतात, तो वापरला आहे का? बाहेरून आलेला मजकूर डेटाबेसला देण्यापूर्वी आणि पानावर दाखवण्यापूर्वी गाळून घेतला आहे का? फाइल चढवण्याची सोय असल्यास कोणत्या प्रकारच्या फाइल्स घ्यायच्या, यावर बंधन आहे का?

याशिवाय, अर्थहीन अक्षरांच्या लांबच लांब ओळी, 'बेस-६४' या लिपीत गुंडाळलेला मजकूर उलगडून थेट चालवणारा कोड, किंवा दुसऱ्या सर्व्हरवरून कोड आणून चालवण्याची व्यवस्था दिसली, तर ते प्लगइन टाळावे. कोड लपवण्याचे कारण प्रामाणिक लेखकाला क्वचितच असते.

कोड वाचणारे कोणी नसल्यास ज्याने संकेतस्थळ बनवून दिले त्याला हेच चार प्रश्न विचारावेत. उत्तरे टाळली गेली, तर तीही एक माहितीच.

माहिती कोठे साठते, कोठे जाते?

अर्ज, देणगी, सदस्यनोंदणी, गप्पांची खिडकी, पाहुण्यांची मोजदाद करणारी प्लगइन्स अनेकदा माहिती बाहेरच्या सर्व्हरकडे पाठवतात. अधिकृत सूचीतील प्लगइनने अशी बाहेरची सेवा वापरत असल्यास ती पानावर सांगणे अपेक्षित आहे. तो भाग वाचावा. देवस्थानाच्या उदाहरणात विचारायचा प्रश्न असा, की भाविकाच्या ओळखपत्राची प्रत आपल्याच सर्व्हरवर राहते की आणखी कोठे? ती किती दिवस राहते? आणि मुळात ती ऑनलाइन घेण्याची गरज आहे का? आगमनाच्या वेळी ओळखपत्र पाहून काम होत असेल, तर प्रतच घेऊ नये. जी माहिती साठवलीच नाही, ती चोरीला जात नाही.

हा केवळ सावधगिरीचा भाग राहिलेला नाही. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, २०२३ अन्वये लोकांची व्यक्तिगत माहिती हाताळणाऱ्यांवर तिच्या रक्षणाची वाजवी व्यवस्था करण्याचे दायित्व येते. त्यात कसूर झाल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. प्लगइन दुसऱ्याने लिहिले होते, एवढ्याने ही जबाबदारी दुसऱ्यावर जात नाही.

आधी प्रत, मग मूळ

येथवर समाधान झाले, तरी प्लगइन थेट चालू संकेतस्थळावर बसवू नये. अनेक होस्टिंग सेवा संकेतस्थळाची चाचणीसाठी वेगळी प्रत करून देतात. तिच्यावर ते बसवावे आणि काही दिवस पाहावे. पाने मंदावतात का, नवे सदस्य आपोआप तयार होतात का, अनोळखी फाइल्स येतात का, बाहेरच्या वाचकाच्या नजरेने, म्हणजे लॉग आउट करून पाहिल्यावर, पान वेगळे दिसते का? चाचणीच्या प्रतीत खऱ्या भाविकांची किंवा सदस्यांची माहिती ठेवू नये.

मूळ ठिकाणी बसवण्यापूर्वी फाइल्स आणि डेटाबेस या दोहोंचा बॅकअप घ्यावा व तो त्या सर्व्हरच्या बाहेर ठेवावा. त्याच सर्व्हरवरील बॅकअप चोरासाठी तिजोरीशेजारीच ठेवलेल्या दुसऱ्या किल्लीसारखा. बॅकअपवरून संकेतस्थळ पुन्हा उभे राहते का, हेही एकदा प्रत्यक्ष करून पाहावे.

बसवल्यानंतरची जबाबदारी

नव्या आवृत्त्या आपोआप घ्याव्यात का, हा अवघड प्रश्न. वर्डप्रेसच्या ५.५ या आवृत्तीपासून, ऑगस्ट २०२०पासून, प्रत्येक प्लगइनसाठी ही सोय सुरू किंवा बंद करता येते. आपोआप घेतल्यास दुरुस्ती लगेच मिळते. पण मालकी बदललेल्या प्लगइनमधील विषही तितक्याच लवकर येते. स्वतंत्र तंत्रज्ञ असलेली संस्था आधी प्रतीवर तपासून मग आवृत्ती घेऊ शकते. आठवड्यातून एकदाही कोणी आत डोकावत नाही, अशा संकेतस्थळाने मात्र ही सोय सुरू ठेवून नियमित बॅकअप घेणे बरे. जाहीर झालेल्या त्रुटींवर हल्ले फार लवकर सुरू होतात आणि जुन्या आवृत्त्यांवरच ते यशस्वी होतात.

प्लगइन अधिकृत सूचीतून बंद झाले, तर त्याची ठळक सूचना संकेतस्थळाच्या आतील फलकावर मिळेल, असे गृहीत धरू नये. ते चालूच राहते. फक्त नव्या आवृत्त्या येणे थांबते. म्हणून दर तीन महिन्यांनी प्रत्येक प्लगइनचे पान उघडून ते अजून तेथे आहे का, एवढे पाहावे. बंद झाले असल्यास तारीख आणि अनेकदा कारणही तेथे दिसते.

नको असलेले प्लगइन निष्क्रिय करून ठेवू नये, काढूनच टाकावे. निष्क्रिय प्लगइनच्या फाइल्स सर्व्हरवर तशाच राहतात आणि 'फाइल मॅनेजर'सारखी थेट उघडता येणारी फाइल त्यात असेल, तर ती निष्क्रिय असूनही दार उघडू शकते.

या सर्वांसाठी एक साधी नोंद पुरते. प्लगइनचे नाव, कोठून घेतले, केव्हा, कशासाठी आणि त्याकडे कोण पाहणार, एवढे पाच रकाने. संकेतस्थळ बनवणारा मुलगा परगावी नोकरीला गेला आणि समितीत कोणालाच काही माहीत नाही, ही लहान संस्थांची नेहमीची अडचण. ती या एका पानाने बरीच हलकी होते.

घात झालाच तर

संकेतस्थळ अनोळखी पानांकडे वळू लागले, शोधयंत्रात संस्थेच्या नावाखाली जुगाराच्या जाहिराती दिसू लागल्या, किंवा अपरिचित प्रशासक आढळला, तर संबंधित प्लगइन काढून टाकणे पुरेसे नाही. आत आलेला हल्लेखोर बहुधा दुसरी चोरवाट ठेवून जातो. संकेतस्थळ तात्पुरते बंद करावे, होस्टिंग सेवेला कळवावे, पुराव्यासाठी सद्यःस्थितीची प्रत बाजूला ठेवावी. मग घटनेपूर्वीच्या बॅकअपवरून उभारणी करावी, दुरुस्त आवृत्ती घ्यावी आणि प्रशासक, डेटाबेस व होस्टिंग यांचे सर्व पासवर्ड बदलावेत. २८ एप्रिल २०२२च्या निर्देशांनुसार सेवापुरवठादार, कंपन्या आणि शासकीय संस्थांनी सायबर घटना लक्षात आल्यापासून सहा तासांच्या आत 'सर्ट-इन' या केंद्रीय यंत्रणेला कळवणे बंधनकारक आहे. आर्थिक फसवणूक झाली असल्यास १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर तत्काळ तक्रार नोंदवावी. आणि ज्यांची माहिती गेली असण्याची शक्यता आहे, त्या भाविकांना, सदस्यांना, पालकांना ते स्पष्ट शब्दांत सांगावे. त्यांच्या क्रमांकावर देवस्थानाच्या किंवा शाळेच्या नावाने पैसे मागणारा दूरध्वनी येण्यापूर्वी त्यांना सावध करणे, हे संस्थेच्याच हाती असते.

वरील सर्व तपासणीला लहान प्लगइनसाठी तासाभराचा आणि पैसे किंवा ओळखपत्रे हाताळणाऱ्या प्लगइनसाठी दोन-तीन दिवसांचा वेळ द्यावा. तेवढा वेळ नसेल, तर प्लगइन बसवण्याचा निर्णय पुढे ढकलावा. दिव्यांची माळ एखाद्या जत्रेत लुकलुकली नाही, तर कोणाचे काही अडत नाही.